ताडावरचा अँटेना

तलासरीजवळच्या एका पाड्यावर आमच्या संस्थेने इंटरनेट नेलं, तेव्हाची गोष्ट. अँटेना लावला सगळ्यात उंच ताडावर. पण रोज सकाळी बघावं तर त्याचं तोंड फिरलेलं आणि नेट बंद. मग रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा लागेना, बायका रिकाम्या पिशव्या घेऊन परत जायच्या. आम्ही आपले वाऱ्याला शिव्या देत नट आवळायचो.

शेवटी एकदा पहाटेच जाऊन झाडाखाली बसलो. ताडी काढणारे लहानूदादा आले, सरसर वर चढले, अँटेना बाजूला सारला आणि त्या जागी मडकं बांधलं.

मी खालून ओरडलो, "दादा, आम्ही परवानगी घेतलीय! सरपंचांची सही आहे!"

वरून शांत आवाज आला, "सरपंच चढतो का या झाडावर? मला विचारलं असतं, तर पलीकडून मीच बांधून दिला असता."