पूजेचा लाल धागा

सन्माननीय अध्यक्ष आणि या कारखान्याचे मालक प्रेमानंदशेठ, व्यासपीठावरचे मॅनेजरसाहेब, प्रमुख पाहुणे सरपंच नारायणराव, आजचे सत्कारमूर्ती अकीलभाई, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी अजीजुन्निसाभाभी आणि माझ्या कामगार बंधू-भगिनींनो, या रंगरावचा सर्वांना नमस्कार.

मी सातवी शिकलेला, इथूनच निवृत्त झालेला फिटर. भाषणाची सवय नाही. त्यात भिंतीपलीकडे पत्रा दाबून भाग काढणारा मोठा प्रेस चालू आहे. धप्प... धप्प... ऑर्डर घाईची आहे म्हणून बंद ठेवला नाही, असं साहेब म्हणाले. असेल. पण माझं अर्धं लक्ष तिकडे आहे, सांभाळून घ्या.

अकीलभाईंनी नारळ कसा घेतला, पाहिलंत ना? एका हातात. डावा हात मनगटापासून नाही. शाल घसरली, ती भाभींनी उठून सावरली, आणि आपल्या टाळ्या तिथेच विरल्या. पत्रिकेत छापलंय, ‘स्वखुशीने निवृत्ती’. अध्यक्ष महाराज, चाळिशीतला माणूस स्वखुशीने घरी कशाला बसेल?

दसऱ्याला आपण मशीनची पूजा करतो. मीही दरवर्षी येतो. भिंतीपलीकडच्या या जुन्या प्रेसला दोन बटनं आहेत. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच तो खाली येतो. म्हणजे हात बटनांवर राहतात, साच्यात जात नाहीत. यंदा पूजेत कुणीतरी डाव्या बटनावर सुपारी ठेवली आणि वरून लाल धागा घट्ट गुंडाळला. बटन दाबलेलंच राहिलं. प्रेस एका हाताने चालू लागला, माल भराभर निघाला. "देव पावला," म्हणून साहेबांनी पेढे वाटले. मीही खाल्ला.

पण जीव थाऱ्यावर नव्हता. अकीलला म्हटलं, "तो धागा कापून टाक बे."

तो म्हणाला, "चाचा, पूजेचा धागा हाय. मी मुसलमान माणूस. मीच कापला तं लोक काय म्हनतील?"

"मंग साहेबाले सांग."

"सांगतलं. साहेब म्हनले, देवाधर्माच्या गोष्टीत तू पडू नको."

तो पडला नाही. एका दुपारी साच्यात अडकलेला तुकडा डाव्या हाताने काढताना उजवा हात दुसऱ्या बटनाला लागला. बस.

दवाखान्यात काय सांगितलं गेलं? धाड गावच्या बाजाराला जाताना मोटारसायकलवरून पडला! अहो, अकीलकडे सायकल आहे, तिलाही ब्रेक नाहीत. हसा, हसा. पण अपघात कामावर झाला हेच दडवलं, तर भरपाई कुणाकडे मागायची? अपंगत्वाची पेन्शन कोण देणार? शाल हा मान झाला, साहेब, हक्क नव्हे. हात इथे गेला, एवढं खरं आज याच माईकवरून सांगा.

थांबा जरा. आवाज थांबला का?

नाही. चालू झाला. साचा बदलला असेल.

माफ करा. अकीलच्या जागी आता माझा अविनाश उभा आहे. आत्ता, या घटकेला. काल जेवताना विचारलं, "धागा काढला का रे?"

"बाबा, काऊन घाबरून राह्यले? साहेब म्हनले, पुढच्या दसऱ्याले नवा बांधू."

म्हणजे तोच धागा आहे, त्याच बटनावर. त्यावर एक काळपट डाग आहे. कुंकवाचा आहे म्हणतात.

शेठ, तुमच्यासमोरच्या तबकात शालीचं पाकीट कापायला आणलेली कात्री आहे. ती मी घेतो. अकीलभाई, उठा, तुम्हीही चला. आधी मेन स्विच पाडू. मग धागा तुम्ही धरा, मी कापतो. लोकांनी जे बोलायचं ते मला बोलावं. देवाची माफी मी मागेन. तो समजून घेईल, त्याला माल पाठवायची घाई नसते.

तुम्ही एवढा वेळ ऐकलंत, सगळ्यांचे आभार. म्हाताऱ्याकडून वेडंवाकडं बोललं गेलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. चहाला मात्र थांबत नाही.

वाट द्या हो. अजून धप्प ऐकू येतंय. येतंय तोवर पोहोचलं पाहिजे.