जिजाबाईची फिर्याद आणि अनंतराव दुभाषी

तोंड विटाळलं म्हणे! अनंतरावांचं! अहो, ज्या माणसानं उभ्या जन्मात अंगावर आलेल्या कुत्र्यालाही ‘हड’ म्हणताना आधी आजूबाजूला पाहिलं, त्याचं तोंड विटाळलं, आणि हे म्हणतं कोण, तर जे सकाळी बैलाला, दुपारी गड्याला आणि संध्याकाळी बायकोला... जाऊ द्या, इथं बायामाणसं बसली आहेत. पण तुम्हाला सांगतो, मी तिथंच होतो, दहा हातांवर, कचेरीत नकला उतरवत बसलो होतो, आणि तेव्हाही माझं एकच म्हणणं होतं की बाबा रे, शब्द घाण आहे, कबूल, वाईट आहे, कबूल, पण कोणीतरी तो बोलायला पाहिजे ना!

आता हे अनंतराव कोण ते ऐका. आमच्या नागपूरच्या कचेरीत दुभाषी. साहेब इंग्रजीत विचारणार ते यांनी मराठीत सांगायचं, साक्षीदार मराठीत बोलणार ते यांनी इंग्रजीत. आणि नियम काय, तर साक्षीदार ‘मी’ म्हणाला की दुभाष्यानंही ‘मी’च म्हणायचं! म्हणजे पाहा, सोवळ्यातला माणूस, कपाळाला गंध, आणि दिवसभर भर कचेरीत सांगून राहिला, ‘मी बैल चोरला’, ‘मी सासऱ्याच्या टाळक्यात काठी घातली’, ‘मी पिऊन नाल्यात पडलो होतो, मला काही आठवत नाही...’ आणि पाच वाजले की छत्री उचलून महाल भागातल्या आपल्या दोन खोल्यांत. तिथं कोण? कोणी नाही. बायको, यमुताई, जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही, भाऊबंद तिकडं दूर साताऱ्याकडं. दिवसभर दहा जणांचा ‘मी’ बोलायचा आणि घरी आपला ‘मी’ ऐकायला भिंतसुद्धा तयार नाही! मला एकदा म्हणाले, “अरे, रविवारी संध्याकाळी मी घसा खाकरतो ना, तर दचकतो. वाटतं, कोण आलं?” मी हसलो. हसलोच की! मला काय ठाऊक हा माणूस विनोद करून नाही राहिला म्हणून!

तर त्या साली, जर्मनची लढाई सुरू व्हायच्या आदल्या साली, आमच्याकडे एक फिर्याद आली. आमचा बुधवारी बाजार, नाव बुधवारी पण भरतो रोज, तिथं कवडू नावाचा माणूस मिरच्या विकायचा, त्याच्या शेजारी नत्थू कांदे विकायचा, आणि कवडूच्या मागं पोत्यावर त्याची म्हातारी आई, जिजाबाई, मिरच्यांची देठं खुडत बसायची. कवडू-नत्थूची दोस्ती अशी की विचारू नका. सकाळी आल्या आल्या नत्थू म्हणणार, “आला का बे, तुह्या मायची...” आणि पुढं ते. आईच्या त्या अंगाचं नाव, जे अंग नसतं तर शिवी देणाराही जन्मला नसता आणि खाणाराही! मग कवडू उलटून तीच शिवी त्याच्या आईला देणार, दोघं हसणार, विडी पेटवणार, झाला दिवस सुरू. सोळा वर्षं! आणि ज्या मायचं नाव निघून राहिलं ती माय कुठं? दीड हातावर, देठं खुडत! त्यांच्या ध्यानातच नाही हो! पाठीमागं भिंत असावी तशी आई!

एके दिवशी म्हातारी उठली, पदर झटकला, आणि चालत चालत थेट ठाण्यावर. जमादारानं ऐकून घेतलं आणि काय म्हणाला? “एवढ्याशा गोठीसाठी आली का वं बुढे, तुह्या मायची...” घ्या! मग ती अर्ज लिहिणाऱ्याकडं गेली. त्यानं लिहिलं, ‘सदर इसमाने न लिहिण्याजोगा शब्द उच्चारला.’ म्हणजे जमादाराला बोलता येतो पण नोंदवता येत नाही, अर्ज लिहिणाऱ्याला कळतो पण लिहिता येत नाही, सगळ्या नागपुराला तोंडपाठ, आणि कागदावर नुसती टिंबं! अरे, कोणीतरी तो बोलायला पाहिजे ना!

खटला उभा राहिला. साहेब नवीन, पोरसवदा, उन्हानं टोमॅटोसारखा लाल झालेला, मराठीचा गंध नाही, पुस्तकात शिकलेलं हिंदुस्थानी तेवढं येतं. नत्थू हात जोडून म्हणतो, “सायेब, म्या शिवी कवडूले देल्ली, बुढीले थोडीच देल्ली? बुढी त मले मायसारखी. दसऱ्याले पाया पडतो मी तिच्या!” कवडू म्हणतो, “मले त काईच नाही लागली सायेब. आमच्यात चालतेच.” साहेब चक्रावला. “जिसको गाली दिया, उसको नहीं लगा... तो केस किसका हाय?”

तेव्हा जिजाबाई पुढं आली. एवढीशी बाई, पण आवाज बाजारातला.

“सायेब, याची माय म्हंजे मीच ना? का बजारात अजून कोनी हाय? भांडन याइचं, दोस्ती याइची, अन् आंग माह्यं! मर्द मर्द बोलतेत, त सवताच्या आंगाचं बोला ना बाप्पा, सवताजवळ काय कमी हाय का?”

कचेरी फुटली हसून! पट्टेवाला हसला, वकील हसले, मीही हसलो, लपवून काय करू. हसले नाहीत ते दोघंच, एक जिजाबाई आणि दुसरे अनंतराव, कारण पुढं काय येणार हे त्यांना दिसून राहिलं होतं. आणि आलंच! साहेबानं विचारलं, नेमका शब्द काय? जिजाबाईनं सांगितला. मिरचीचा भाव सांगावा तसा, ठणठणीत. आणि सगळ्या माना वळल्या अनंतरावांकडं.

अनंतरावांच्या कानाच्या पाळ्या लाल. आणि इंग्रजीत म्हणाले, इतकं हळू, “हा इसम हिच्या कुटुंबाविषयी थोडा अनादरानं बोलला, साहेब.”

कुटुंबाविषयी! थोडा! अनादरानं! साहेबानं भुवई वर केली, “बस्स? एवढंच?” एवढंच, म्हणाले अनंतराव. साहेबानं कागद बाजूला सारला. निकाल सोमवारी. पण कागद कसा सारला त्यावरूनच समजलं, खटला बुडाला.

सुटी झाल्यावर म्हातारीनं त्यांना आवारातल्या कडुनिंबाखाली गाठलं.

“तुमी सायेबाले सांगतलंच नाही.”

“तुला काय माहीत? इंग्रजी येतं तुला?”

“इंग्रजी कायले पायजे? सायेबाचं तोंड पायलं म्या. आइकलं असतं त तोंड असंच रायलं असतं का?”

अनंतराव छत्री उघडू लागले.

“सोळा वर्सं मी आइकून रायली. तुमाले एक डाव बोलाची लाज वाटली. घरी माय हाय का तुमच्या?”

“नाही.”

“बायको?”

“नाही.”

“लेकी-सुना?”

“कोणी नाही.”

“मंग लाजता कोनाले?”

आणि निघून गेली. अनंतराव तिथंच उभे, छत्री उघडलेली, वर ऊन नाही, पाऊस नाही, कडुनिंबाची सावली, आणि हे छत्री धरून उभे! मी म्हटलं, “चला ना अनंतराव.” म्हणाले, “तू हो पुढं.”

आता पुढचं त्यांनीच मला सांगितलं, बऱ्याच दिवसांनी, खाली पाहत. शनिवारी त्यांनी कचेरीतला जाडा शब्दकोश उघडला. कोणा पाद्र्यानं केलेला, त्यात बैलाच्या वशिंडाला पाच शब्द, हा एक नाही! मग ते दवाखान्यातल्या देवराव कंपाउंडरकडं गेले, त्याला आडून आडून विचारलं, तर त्यानं लॅटिन नाव सांगितलं. लॅटिन! उद्या साहेबाला वाटेल, हा इसम मिरच्यांच्या बाजारात मंत्र म्हणतो! रविवारी दुपारी शेवटी त्यांनी खिडकी लावली, दाराला कडी घातली, खोलीच्या मधोमध उभे राहिले, आणि शब्द बोलले. मोठ्यानं. मराठीत. सराव म्हणून हो! सोमवारी जीभ अडायला नको म्हणून! फडताळातलं तांब्याचं तपेलं झणझणलं, आणि मग सगळं चूप. नऊ वर्षांत त्या घरात मोठ्यानं बोललेला पहिला शब्द... आणि तो हा!

आणि ते मटकन खाली बसले.

का, ते ऐका. यमुताई बाळंतपणात गेल्या. पहिलं बाळंतपण, दोन दिवस अडलेल्या, आत बायकांची धावपळ, बाहेर अनंतराव. सुईण बाहेर आली, त्यांनी विचारलं, काय होतंय? तर ती म्हणाली, “बायकांचं असते जी ते, तुमाले काय सांगू?” मग हे धावत गोऱ्या डॉक्टरकडं गेले. दुभाषी ना! इंग्रजी तर वाण्याच्या हिशेबापेक्षा पक्कं! डॉक्टरनं विचारलं, कुठं दुखतंय, रक्त कुठून, किती? आणि यांना बोलता आलं नाही. यांनी सांगितलं, “पोटात दुखतं.” डॉक्टरनं पोटदुखीची बाटली दिली. बाटली घेऊन हे घरी आले तेव्हा... जाऊ द्या.

मी नाही म्हणत हो की शब्द बोलले असते तर यमुताई वाचल्या असत्या. कोणीच नाही म्हणत. पण नऊ वर्षं हा माणूस एकटाच त्या खोलीत स्वतःला विचारून राहिला होता, आणि कोणापाशी बोलणार, बोलायचं तर आधी तो शब्द! कोणीतरी बोलायला पाहिजे होता ना...

सोमवारी साहेब निकाल वाचायला बसले तोच अनंतराव उभे राहिले. “साहेब, शुक्रवारी मी भाषांतर चुकीचं केलं.” दुभाषी म्हणतो चुकलो? नोकरीवर पाणी! साहेब म्हणाला, बोला. आणि अनंतराव बोलले, आधी इंग्रजीत आणि मग, कोणी सांगितलं नसताना, मराठीत, त्या कवडूकडं बघून. शिवी नाही हो दिली! शब्द उच्चारला, स्पष्ट, आणि मग त्याचा अर्थ उलगडला.

“ही बाई ज्या वाटेनं या माणसाला जन्म देती झाली, मरणाच्या दारात जाऊन देती झाली, त्या वाटेचं हे नाव आहे. आरोपी रोज सकाळी कांद्याचा भाव फोडायच्या आधी ते घेतो, आणि हिचा मुलगा हसतो. सोळा वर्षं.”

कोणी हसलं नाही. पट्टेवालाही नाही. साहेब कानापर्यंत लाल. आणि कवडू, ज्याला शुक्रवारपर्यंत काईच लागलं नव्हतं, तो मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरून राहिला होता. जिजाबाईनं तेवढं मात्र केलं, साहेबाचं तोंड पाहिलं आणि मान डोलावली. आता बराबर सांगतलं.

नत्थूकडून मुचलका लिहून घेतला, एक वर्ष तो शब्द तोंडातून काढायचा नाही. म्हातारी जिंकली! आणि अनंतराव?

अहो, नोकरी साहेबानं ठेवली, पण ते बाटले! संध्याकाळपर्यंत महालभर झालं, “अनंतरावानं भर कचेरीत, साहेबासमोर, शी शी शी!” श्राद्धाला बोलावणं बंद. सत्यनारायणाला बंद. शेजारच्या शोभाताईंनी अंगणात पोरं खेळायला पाठवणं बंद केलं, आणि त्यांचे यजमान, जे रोज सकाळी टांगेवाल्याच्या सात पिढ्यांच्या बायकांचा उद्धार करून कचेरीत जातात, ते म्हणतात, “काहून हो, संस्कार म्हणून काही चीज आहे की नाही?” म्हणजे शिवी म्हणून दिली तर चालते, अर्थ सांगितला की बाटला! आणि मी? मी पण नाही गेलो त्यांच्याकडं. सांगतो ना, लपवत नाही. मला दोन मुली लग्नाच्या होत्या. रस्त्यात दिसले की मी दुकानाच्या पाट्या वाचायचो. सगळ्या पाट्या पाठ झाल्या माझ्या, तुम्हाला सांगतो!

तीन महिन्यांनी एका रविवारी त्या बुधवारी बाजारात गेलो, तर काय पाहतो? कवडूच्या मिरच्या आणि नत्थूचे कांदे यांच्या मधोमध पोत्यावर अनंतराव! मांडी घालून! मांडीवर मिरच्यांची देठं! मी पाटी शोधली, पण बाजारात पाट्या कुठं? सापडलो. जिजाबाईच म्हणाली, “बसा जी. याइले म्याच बलावलं. हे दोघं पोट्टे तीन मयने झाले बोलूनच नाही रायले. भांडले नाहीत हो! सकायी येतेत, तोंडं उघडतेत, अन् मंग सुचतच नाही पुढं काय म्हनाव. शिवी गेली, पन तिच्या जागी घालाले काई नव्हतंच ना याइच्याजवळ! मुके बसतेत दिवसभर. मलेच करमत नाही बाप्पा.”

आणि तेवढ्यात नत्थू, समोर बघत, अनंतरावांना म्हणाला, “पंत, इचारा जी त्याले, तब्येत कशी हाय मनावं.”

अनंतराव इकडं वळले. “कवडू, मी विचारतो, तुझी तब्येत कशी आहे?” सवयीनं ‘मी’च म्हणाले हो! कवडू मिरच्यांकडं बघत म्हणाला, “सांगा त्याले, बरी हाय.” अनंतराव तिकडं वळले. “नत्थू, माझी तब्येत बरी आहे.” आणि किती दिवसांनी कोण जाणे, स्वतःशीच हसले.

मला म्हणाले, “दर रविवारी येतो रे. वेळ जातो.” मग देठ खुडत, माझ्याकडं न बघता, “कचेरीत बरं असतं बघ. तिथं भाषा दोन, म्हणून दुभाषी लागतो. इथं भाषा एकच आहे, आणि ती दोघांनाही येत नाही.”