टक्केवारीतला दादा

मेलेला माणूस टक्केवारीत धरतात का हो? नाही, खरंच विचारतोय! मुकादमाला विचारलं, त्याच्या साहेबाला विचारलं, पर्थहून विमानाने आलेल्या कंपनीच्या त्या लाल नखांच्या बाईंना विचारलं... सगळे म्हणतात, "फार वाईट झालं रे," आणि घड्याळ बघतात!

तुम्हाला सांगतो, आमच्या हायवेचं काम सरकारी. सरकार म्हणतं, ठेका हवाय ना, मग ज्यांच्या जमिनीवरून रस्ता जातो त्या इथल्या मूळ रहिवाशांना कामावर घ्या, अमुक टक्के. म्हणून आम्ही! दादा, मी, पाण्याचा ट्रक चालवणारी मेव्हिस मावशी. उन्हात दांडा धरून उभं राहायचं, दांड्यावर पाटी, एका बाजूला 'थांबा', दुसऱ्या बाजूला 'हळू'. आणि दादा असा हसायचा, की ताटकळलेल्या गुरांच्या ट्रकवाल्यांनीही हात करावा! कंपनीने काय केलं? ते हसू घराएवढं छापलं आणि कामाच्या तोंडाशी उभं केलं. खाली अक्षरं, 'सगळे मिळून पुढे!'

मग दादा फुटबॉल खेळता खेळता छाती धरून खाली बसला आणि... गेला पुढे. एकटाच.

आमच्यात गेलेल्याचं नाव घेत नाहीत, त्याचं तोंड दाखवत नाहीत. घरातले फोटो मावशीने भिंतीकडे फिरवले. आणि मुकादमाचं नाव नेमकं दादाचंच! म्हणजे तेही बंद. आम्ही त्याला 'टोपी' म्हणायला लागलो. वॉकीटॉकीवर हा गोरा ओरडतोय, "मला टोपी कोण म्हणतंय?" मावशी म्हणते, "गप रे टोपी, दुखवटा आहे!"

नावाचं जमलं हो, पण त्या घराएवढ्या तोंडाचं काय? मातीच्या दिवशी आई वस्तीवरून येणार आणि रस्ता हा एकच. टोपीला म्हटलं, "बोर्ड उतरव." तर म्हणतो, "मित्रा, त्याच दिवशी मोठे साहेब बघायला येतायत. तुमच्यातली माणसं घेतल्याचा हाच तर आमचा पुरावा!"

"अरे, तो मेलाय!"

"माहितीय रे, फार वाईट झालं..." आणि बघितलं की घड्याळ! आता तुम्हीच सांगा, मेलेला माणूस टक्केवारीत धरतात का?

मला त्या दिवशी सुट्टी. तरी मातीचा पांढरा शर्ट, वर नारिंगी जाकीट चढवून गेलो आणि बोर्ड दिसायच्या अलीकडेच दांडा धरून उभा राहिलो. तेवढ्यात वॉकीटॉकीवर मावशी, "पोरा, तुझ्या आईची गाडी वळणावर आली!"

पाटी फिरवली. थांबा!

पुढे आईची गाडी, मागे सगळे भाऊबंद, त्यामागे गुरांचा ट्रक, गुरं हंबरतायत, आणि पलीकडून साहेबांच्या पांढऱ्या गाड्या, त्याही अडकलेल्या! हॉर्नवर हॉर्न! टोपी धावत येतोय, "हळू दाखव! हळू दाखव, गाढवा!" आईने काच खाली केली. "काय रे, माझ्याच पोराच्या मातीला जायला मला अडवतोस?"

मी म्हटलं, "आई, पुढे रस्ता ओला आहे." ओला! आमच्याकडे! पाऊस पडून किती महिने झाले!

मागे मावशी ट्रकच्या टाकीवर चढलेली, ताडपत्री वाऱ्याने फडफडतेय, आणि वॉकीटॉकीवर ओरडतेय, "कान राहिला! अजून एक कान दिसतोय!" आता आई कानावरूनही ओळखणार नाही का? टोपी माझं जाकीट ओढतोय... "झाकला!"

हळू.

आईची गाडी पुढे गेली. तिने त्या ताडपत्रीकडे बघितलं नाही. मुद्दाम नाही बघितलं.

पण परतायचा रस्ताही तोच ना! माती झाली, चहा झाला, आणि टोपी हजर, हेल्मेट काखेत. "साहेब भडकलेत. ताडपत्री काढायला सांगतायत. बोर्डावर तुमच्यातलं कुणीतरी हवंच, मित्रा... तुझं तोंड अगदी त्याच्यासारखंच आहे. तू फोटो दे, मी तो आत्ता उतरवतो."

मेलेला माणूस टक्केवारीत धरतात का, हे पुन्हा विचारणार होतो. पण आई गाडीत बसायला निघाली होती.

म्हटलं, "आधी उतरव."

क्रेनने उतरवला. तोंड जमिनीकडे करून ठेवला, मी समोर उभा राहून ठेवून घेतला. मग टोपीने मोबाईल काढला. "जरा मोठं हस रे."

हसलो. कंपनीसाठी केलेलं माझं ते शेवटचं काम.