दोराची खाच

पनवेलच्या एस.टी. स्थानकात उरणच्या गाडीची प्रतीक्षा करीत उभा असता, मागील वृद्ध दांपत्याचे हे बोलणे कानी पडले. आजोबांच्या हाती पॉलिशपेपरची गुंडाळी होती.

“अवो, सांजच्याला आपली लेक किशोरी बाळाला घेऊन येल, नि तुमचा पाळना अजून रंध्याखालीच हाय!”

“बाबांच्या होडीचं सागवान हाय, सोनाबाय. उलटा रंधा मारला तर लाकडाच्या रेषा उपटतात. सुलटंच जावं लागतं, सावकाश.”

“घडवलाय झकास, त्यात वाद नाय. पन बाळाला टोचला तर दुकानातला आनीन, बोललीय ती.”

“टोचनार नाय. फक्त ती कड राहिलीय. तिथं बाबांच्या जाळ्याच्या दोरानं खाच पडलीय.”

“मग मारा की रंधा!”

“खाच गेली तर बाबांची निशानी जायल. हातच उचलत नाय माजा.”

“नका उचलू. सकाळी माजं रेशमी लुगडं फिरवून बघितलं मी सगळ्या पाळन्यावरून.”

“अडकलं कुठं?”

“पायथ्याशी अडकलं, तुमी रंधा मारलाय तिथं.”

“आनी खाचेत?”

“खाचेत नाय. ती मामंजींनी दोर ओढून ओढून आदीच घासून ठेवलीय.”