अर्जावरचं पहिलं नाव

माननीय प्राचार्य सर, मधली खुर्ची मोकळी ठेवून मघापासून कडेला अंग चोरून बसलेले आजचे प्रमुख पाहुणे, म्हणजे आपल्या अनुदान समितीचे अध्यक्ष, संस्थेचे विश्वस्त, माझे सहकारी, माझ्या सगळ्या मुली आणि तिसऱ्या रांगेतून घड्याळाकडे बोट दाखवणारे आमचे हे, सर्वांना नमस्कार.

एकोणीस वर्षांपूर्वीची एक दुपार. प्रयोगशाळेतले काका रजेवर होते, बेसिनचे दोन नळ बंद होते आणि उरलेल्या एका नळाखाली मी आणि पहिल्या वर्षाची एक मुलगी परीक्षानळ्या धूत होतो. मी ब्रश फिरवायचे, ती विसळायची. साठेक नळ्या झाल्यावर तिनं एक नळी उजेडात धरली आणि विचारलं, “बाई, पाणीच गढूळ असेल तर आपण नक्की काय करतोय?” मी म्हटलं, “तू विसळ, बोलू नकोस.” शिक्षिकेनं द्यायचं उत्तर हे नव्हे. पण अजून चाळीस नळ्या बाकी होत्या.

ती मुलगी आज आपल्याच रसायनशास्त्र विभागात शिकवते. विभागात आम्ही दोघीच, म्हणून मी मोठ्या बाई आणि ती धाकट्या बाई. समारंभ आहे तेव्हा तिला अहो-जाहो करायला हवं, पण इतक्या वर्षांत जमलं नाही, आज शेवटच्या दिवशी शिकत बसत नाही. आज पाच वाजता मोठ्या बाई निवृत्त होतील. आणि आपल्याला कधी नव्हे ते मिळालेलं संशोधनाचं अनुदान धाकट्या बाईंच्या एका सहीवाचून सोमवारी परत जाईल. तीन आठवडे झाले, ती सही करत नाहीये.

निरोपाच्या भाषणात हे कशाला, असं विश्वस्तांच्या चेहऱ्यावर दिसतंय. थोडा धीर धरावा.

आपलं महाविद्यालय लहान, आपल्या समाजाच्या मुली विज्ञान शिकाव्यात म्हणून काढलेलं. अल्पसंख्याकांसाठी चालणाऱ्या अशा महाविद्यालयांना विज्ञान-तंत्रज्ञानातल्या संशोधनासाठी वेगळं अनुदान असतं. आम्हाला हवं होतं पाण्यातले धातू मोजणारं एक यंत्र. मुली घरून पाण्याच्या बाटल्या आणतात, आम्ही त्या शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या महाविद्यालयात पाठवतो आणि चार महिन्यांनी उत्तर येतं. तोवर ते पाणी पिऊन झालेलं असतं.

अर्ज केला. आधी एका कारकुनाचा फोन आला. “बाई, तुमच्याकडे शंभरात अठ्ठ्याऐंशी मुली अल्पसंख्याक. इतक्या असतील तर त्या अल्पसंख्याक कशा?” मी म्हटलं, “मग उरलेल्या बारा जणींच्या नावानं द्या. यंत्र आम्ही वाटून घेऊ.” मग ते म्हणाले, “समिती पाहणीला येईल.”

आता मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये. सिस्टर दोन गोष्टी सांगायच्या, खोटं बोलू नये आणि पाहुणा येणार असेल तर टेबलावर धूळ दिसू नये. दुसरी गोष्ट त्या जास्त जोरात सांगायच्या. आम्ही पडदे धुतले, बाटल्यांना नव्या चिठ्ठ्या लावल्या. तरी टेबल कसं ओकंबोकं दिसायला लागलं. म्हणून, प्राचार्य सर, तुम्ही मान खाली घालू नका, कल्पना माझीच होती, आम्ही मोठ्या महाविद्यालयातून तेच यंत्र दोन दिवसांसाठी मागून आणलं आणि शोभेला मांडलं. मी रात्रभर बसून त्याला क्रोशाचं झाकणही विणलं.

आजचे प्रमुख पाहुणे तेव्हाही अध्यक्ष होते. त्यांनी झाकण उचललं आणि म्हणाले, “चालवून दाखवता?” ते सुरू कुठून होतं हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी काका पुढे झाले आणि अदबीनं म्हणाले, “साहेब, आज त्याची सुट्टी असते.”

अहवाल आला. ‘यंत्र उपलब्ध आहे. स्थिती उत्तम. वापराच्या खुणा नाहीत. नव्या यंत्राची आवश्यकता दिसत नाही.’

दुसऱ्या वर्षी आम्ही शहाणे झालो. चांगलं ते सगळं कपाटात कोंडलं. टवका गेलेली चंचुपात्रं पुढे मांडली, एका ड्रॉवरची मूठ काढून ठेवली. काकांनी तर उत्साहाच्या भरात नीट असलेला नळ गळता केला. अहवाल आला, ‘आहे त्या साहित्याची निगा राखली जात नाही. आणखी साहित्य देणे उचित नाही.’ तो नळ पुढे आठ महिने गळत होता. काकांना तो परत बंद करता येईना.

तिसऱ्या वर्षी समिती बुधवारी येणार होती आणि आली मंगळवारी. मी दंतवैद्याकडे होते, म्हणून काहीच मांडता आलं नाही. तेवढंच आपल्या पथ्यावर पडलं.

धाकट्या बाईंचा तास चालू होता. यंत्र नाही म्हणून तिनं काय केलं होतं, तर लोहाचं प्रमाण वाढत जाईल तसा लाल रंग गडद होत जाणाऱ्या चाळीस नळ्यांची एक रांग केली होती. मुलींनी आणलेल्या पाण्यात औषधाचे दोन थेंब टाकायचे, जो रंग येईल तो रांगेत कुठे जुळतो ते पांढऱ्या कागदावर धरून बघायचं. फाटकापर्यंत मुली, त्यांच्या आया, शेजारणी, सगळ्यांच्या हातात बाटल्या. आणि त्यांच्यात एक उंच गृहस्थ. त्यांच्याही हातात बाटली होती, पण ती प्यायची.

धाकट्या बाईंनी मान वर न करता विचारलं, “नाव? पत्ता?”

“मी समितीकडून...”

“ते राहू दे काका. पाणी कुठलं ते सांगा.”

“सरकारी विश्रामगृहातलं.”

“नळाचं की टाकीचं?”

“ते मला कसं कळणार?”

“पिताना विचारत नाही का तुम्ही?”

हे मला काकांनी नंतर सांगितलं. आपले काका, समितीचे नव्हे. दोन थेंब पडल्यावर ती बाटली अशी लाल झाली की रांगेतली चाळिसावी नळीही फिकी वाटावी. धाकट्या बाई म्हणाल्या, “टाकी गंजली आहे. साफ करायला सांगा, तोवर हे पिऊ नका. पुढचे या.” समितीचे अध्यक्ष बाजूला झाले. टाकी उघडून बघितली तेव्हा तळाचा पापुद्रा हातात आला म्हणे. पाहुणे मान हलवताहेत, म्हणजे खरं असावं. त्या वर्षीचा अहवाल दोन ओळींचा होता आणि अनुदान तीन वर्षांसाठी मंजूर झालं.

इथपर्यंत तुम्ही हसलात, बरं वाटलं. आता मला एक सांगायचं आहे. त्याला कुणी हसलं नाही तरी चालेल.

तो अर्ज तिनं लिहिला होता. नळ्यांची रांग तिची, कुठल्या गल्लीतलं पाणी आधी तपासायचं हा नकाशा तिचा, यंत्र कोणतं घ्यायचं हेही तिनं ठरवलं. प्रमुख संशोधक म्हणून नाव घातलं माझं. अर्जात ‘अनुभवाची वर्षे’ असा रकाना होता आणि माझ्याकडे तेवढंच होतं. मी तिला म्हटलं, “समितीला वजनदार नाव लागतं गं.” ती म्हणाली, “असू द्या बाई.” मी ते असू दिलं. तीन वेळा असू दिलं.

आता नियम असा की प्रमुख संशोधक नोकरीत हवा. उद्यापासून मी नाही. नाव बदलून सही झाली नाही तर यादीतल्या पुढच्या महाविद्यालयाला अनुदान जाईल. तिला विचारलं तर म्हणते, “बाई, माझी पीएच.डी. अर्धी आहे, मला मीटिंगमध्ये बोलता येत नाही, मोठं नाव तुमचंच.” तिला असं वाटावं ही सोय मीच करून ठेवली. खोलीत दोघीच असताना हे कबूल केलं तर ती पुन्हा ‘असू द्या’ म्हणेल, म्हणून माइकवर सांगते आहे. अगं, ज्या बाईनं समितीच्या अध्यक्षांना रांगेत उभं केलं, तिला मीटिंगची कसली भीती?

ती मागच्या दाराकडे बघते आहे. तिथे काका उभे आहेत, मी सांगूनच ठेवलंय.

आपण सर्वांनी मला इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. माझ्या बोलण्यानं कधी कुणी दुखावलं असेल तर ते माझ्या स्वभावाच्या खात्यात घाला आणि मला मोकळं करा. आता निघण्याआधी थोडी वाटावाट.

माझी पुस्तकं ग्रंथालयाला. समासात लिहिलेल्या शेऱ्यांकडे दुर्लक्ष करावं. खिडकीजवळची उशीची खुर्ची काकांना. त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा जुने आहेत. हा पुष्पगुच्छ हॉल झाडणाऱ्या मावशींना, कारण पाकळ्या त्यांनाच गोळा कराव्या लागणार. माझी टेबलाजवळची नावाची पाटी काढून ठेवावी, ती कुणाला देऊ नये. आणि प्राचार्य सर, तुमच्या उजव्या हाताला जे पाकीट आहे, त्यात अनुदानाचं पत्र आहे. प्रमुख संशोधकाच्या जागी तिचं नाव मी टाइप करून आणलंय. ते तिला द्यावं. सही इथे सगळ्यांसमोर मागू नये. तिला प्रयोगशाळेत, तिच्या टेबलापाशी, एकटीला जाऊ द्यावं आणि ती परत येईपर्यंत कुणी चहाला हात लावू नये.