महाशीरचं माहेर

माशाचं माहेर कुठं असतं, माहीत आहे का गं? आमच्या ह्यांच्या जाळ्यात गोदावरीत अंड्यांनी भरलेली महाशीर सापडली. ही जात आता दिसतच नाही. मी म्हटलं, "अंडी घालायला वर निघालीय, म्हणजे माहेरीच चाललीय. सोडा तिला!"

मध्ये बंधारा आडवा, म्हणून ह्यांनी तिला पाण्याच्या टबात घालून पलीकडं नेलं.

त्याच दिवशी आमची लेक पहिल्या बाळंतपणाला आली होती. हे घरात शिरले आणि जावयाचा फोन आला. "मामा, पोहोचली का बराबर?"

ह्यांच्या डोक्यात मासाच! "बिलकुल बराबर! बंधाऱ्याच्या पलीकडं पाण्यात सोडून आलो. एका दमात बुडाली, मंग दिसलीच न्हाई!"

तेवढ्यात रेंज गेली.

त्याच रात्री जावई हसनाबादहून मोटारसायकलवर, दोर आणि ट्रॅक्टरची ट्यूब घेऊन दारात आले.