भिंत धापा टाकते

जबाब देणार : गोदामाची भिंत अंगावर पडून मयत झालेल्या हमालाची आई. विधवा, वय ५४, धंदा कपडे शिवणे, राहणार गोदामामागची गल्ली.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, त्या सकाळी मी पाणी भरले, केर काढला आणि शिलाई मशीनला तेल घालत होते. मुलगा दाढी करत होता. आरशात बघतच म्हणाला, "आई, आमची मागची भिंत धापा टाकते."

मी शाळेत गेलेली नाही. मुलाच्या पुस्तकांवरून वाचायला शिकले. त्यात अलंकारांचा धडा होता. तेव्हापासून आम्हा दोघांना खोडच लागली. एकाने काही बोलावे, दुसऱ्याने अलंकार ओळखावा. मशीन कुरकुरते म्हटले की चेतनगुणोक्ती. डोंगराएवढे कपडे पडलेत म्हटले की अतिशयोक्ती. तो बाहेरही तसाच बोलायचा, म्हणून गोदामावर त्याला 'कवी' म्हणत.

म्हणून मी विचारले, "चेतनगुणोक्ती का?"

"नाही गं. ट्रक मागे आला की फुगते, गेला की बसते. हाताला कळतं."

"मग मुकादमांच्या कानावर घाल."

दुपारी मी डबा द्यायला गेले. माझ्यासमोर तो म्हणाला, "मुकादम, मागची भिंत धापा टाकतेय."

मुकादम म्हणाले, "दमा झाला असेल, कविराज. छाती शेकून द्या तिची."

सगळे हमाल हसले. माझा मुलगाही हसला. मग त्याने गोणी पाठीवर घेतली. मी डबा ठेवून घरी आले. एका बाहीची शिवण चालू असताना आवाज झाला. ती बाही अजून तशीच आहे.

मुकादमांनी जबाबात सांगितले आहे की, मयताने धोक्याची सूचना दिली नव्हती, तो नेहमीप्रमाणे काव्य करत होता. मला हे वाचून दाखवल्यावर जबाब लिहिणारे साहेब म्हणाले, "मावशी, 'भिंत पडेल' असं तो म्हणाला, एवढंच लिहितो. नाहीतर केस उभी राहायची नाही."

मी नको म्हणाले. तो तसे म्हणाला नव्हता. त्याचे माझ्यासमोरचे ते शेवटचे वाक्य आहे, ते मी बदलणार नाही. त्याने जे हाताला लागले तेच सांगितले.

हा जबाब साहेबांनी वाचून दाखवला, नंतर मी स्वतः वाचला. 'धापा' खोडून 'हालचाल' केले होते, ते परत 'धापा' करून घेतले. आता बरोबर आहे. फक्त एक सांगायचे राहिले, तेही लिहावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोदामावर गेले. बाजूच्या भिंतीला छतापर्यंत गोण्या लावलेल्या होत्या, हमाल काम करत होते. एक ट्रक मागे आला, तेव्हा मी बाहेरून त्या भिंतीवर हात ठेवून पाहिला. मग मुकादमांना सांगितले, "ही भिंत पडणार आहे. धोका आहे. माणसं बाहेर काढा."

ते म्हणाले, "मावशी, तुमचं मन थाऱ्यावर नाही. घरी जा."

मी घरी आले.